कॉमाचा सूड

मालेगाव (वऱ्हाड), ३ नोव्हेंबर १९३६
आज सूड घ्यायचं ठरवलं. केशरीचंद शेठच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंग्रजी पत्रं मी लिहितो. नवीन कारकून रामकिसन याने आज शेठसमोर माझ्या पत्रातल्या एका कॉमावर बोट ठेवलं. म्हणे, "पंजाबराव, हा इथं कायले?" शेठ हसले. मी लक्षात ठेवलं.

५ नोव्हेंबर
वाशीमहून ग्रामरचं पुस्तक आणवलं. विरामचिन्हांचा धडा पाठ करून रामकिसनला सर्वांसमोर सोलणार.

८ नोव्हेंबर
धडा फार लांब. पहिलं पान वाचलं, पुढचं अंदाजाने कळतं. सेमीकोलन जबरदस्त चीज आहे. रामकिसनला माहीत नसणार.

९ नोव्हेंबर
माहीत आहे.

१५ नोव्हेंबर, सकाळ
हेडक्लार्कची जागा निघाली. नेमणूक शेठचे अकोल्याचे थोरले बंधू शिखरचंदजी करणार. ते बी.ए. आहेत. त्यांना परस्पर इंग्रजी अर्ज लिहिला. पुस्तकात थोरांची वचनं इन्व्हर्टेड कॉमात आहेत, म्हणजे ती मानाची खूण. म्हणून 'मी प्रामाणिक व हुशार आहे' यातले दोन्ही गुण इन्व्हर्टेड कॉमात घातले. 'रामकिसन लबाड आहे' यापुढे प्रश्नचिन्ह दिलं, म्हणजे चौकशी होईल. बायको आवडाबाई म्हणाली, "तुमी कागद लिहून राह्यले, मंग मळ्यातले वांगे कोन तोडीन?" हेडक्लार्कची बायको वांगी तोडत नसते, असं तिला समजावलं. ती तोडायला गेली.

२४ नोव्हेंबर
शिखरचंदजी स्वतः आले. अर्ज सर्वांसमोर वाचला. "तुमी इमानदार आहा, याची तुमालेच शंका आहे काय? अन् रामकिसन लबाड आहे का, हे मले काहून इचारता?" इन्व्हर्टेड कॉमात घातलेला गुण 'म्हणे प्रामाणिक' असा वाचतात, हे तेव्हा कळलं. सगळे हसले. रामकिसन तेवढा हसला नाही. उलट म्हणाला, "साहेब, खुणा चुकल्या. मानूस इमानदारच आहे." त्याच्या शब्दावर माझी नोकरी राहिली.
हा उपकार विसरणार नाही. याचाही सूड घेईन.

१ डिसेंबर
रामकिसन हेडक्लार्क झाला. शेठचा हुकूम: पत्रं मी लिहायची, खुणा त्याने घालायच्या.

२ डिसेंबर
आज अकोल्याचं पत्र लिहिलं. खुणांसाठी मध्ये मध्ये मोकळी जागा सोडली. रामकिसन म्हणाला, जागा बरोबर सोडली.
बरं वाटलं.