पस्तीसच्या खाली

३ डिसेंबर

इको झाला. पुन्हा तेच! फुप्फुसांच्या नळ्या आवळल्यात, त्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाचा उजवा कप्पा फुगलाय आणि आता डाव्याला दाबतोय. डॉक्टर चारुशीला कागदावर आकृती काढून समजावत होत्या. मी नववीच्या पोरांना भूमिती शिकवते, मला आकृती कळते. पुढे काय, ते सांगा म्हटलं.

"इकोवरून नक्की नाही सांगता येत. हृदयाचा एमआरआय करू. उजवा कप्पा दर ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतो, त्यावरून पुढच्या दोनेक वर्षांचा अंदाज येतो."

दोन वर्षं! माझी मयुरा आत्ता कुठे दुसरीत आहे.

४ डिसेंबर

पाय सुजलेत. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की ॲडमिट करतील, आणि एकदा आत गेले की — नको. थंडी आहे, मोज्यांबद्दल कोणी विचारत नाही.

७ डिसेंबर

एमआरआयमध्ये श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर चित्र हलतं. विक्रमने घरी सराव चालवलाय. माझं माहेर उमरेडचं, म्हणून तो एसटीचा कंडक्टर होऊन थांबे पुकारतो — उमरेड, चांपा, पाचगाव, विहीरगाव, दिघोरी! दिघोरीपर्यंत श्वास धरायचा. मी चांप्यालाच सोडते.

"चांप्याले काय काम आहे तुह्यं? बस पुढं जाऊन राहिली!"

बायकोला हसवतो. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून ठेवतो. नळाच्या आवाजात तो रडतो ते मला ऐकू येत नाही, असं वाटतं त्याला.

९ डिसेंबर

उद्या एमआरआय. अंगावर काही धातू नको म्हणे. मंगळसूत्र निघालं. जोडवी निघेनात! तेल लावलं, साबण लावला, बोटं लाल झाली. तेवढ्यात सासूबाई दारात.

"जोडवी काहून काढून राहिली वं? माह्या पोराच्या जिवावर उठली का?"

"तुमच्या पोराचा जीव ठणठणीत आहे! माझा जातोय!"

लग्नापासून पहिल्यांदा उलट बोलले. त्या माझ्या पायांकडेच बघत होत्या. जवळ येऊन घोट्यावर बोट दाबलं, तर खड्डा पडला, तो भरेचना.

"कव्हापासून हाये हे?"

मग मला रडू आवरेना. सगळं सांगितलं. त्या खाली बसल्या, माझा पाय उचलून मांडीवर घेतला. सासूने सुनेचा पाय! मी ओढून घ्यायला लागले तर "गप बस" म्हणाल्या. बोटाला दोरा घट्ट गुंडाळला, त्याचं टोक जोडव्याखालून घेतलं आणि उलगडत उलगडत एकेक जोडवं वर आणलं. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. मग समोर उभं राहून मला डॉक्टरांना फोन करायला लावला. डॉक्टर खूप चिडल्या.

१० डिसेंबर

नळकांड्यात निजवलं. ठणठण ठणठण! "श्वास रोखा." मनात थांबे म्हणत गेले. पाचगावला जीव कासावीस. दिघोरी एकदाही आली नाही. चित्रं परत परत काढावी लागली.

१२ डिसेंबर

एकोणतीस टक्के.

"पस्तीसच्या खाली चांगलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. पस्तीस! काठावरच्या पोरांना ग्रेस मार्क देऊन ढकललंय मी पुढच्या वर्गात. मला कोण देणार?

तिसरी गोळी सुरू. लघवीची गोळी वाढवली, मीठ बंद. मार्चमध्ये पुन्हा एमआरआय. फरक नाही पडला तर फुप्फुसं बदलायची, त्यासाठी चेन्नई. फरक पडतो का, विचारलं. "काहींना पडतो."

काहींना! मला मरायचं नाही. देवा, मला मरायचं नाही.

२२ डिसेंबर

नव्या गोळीने जबडा ठणकतो, डोकं फुटतं. मयुराची वेणी घालता घालता धाप लागली. उरलेली विक्रमने घातली — वाकडी. तशीच शाळेत गेली बिचारी.

११ जानेवारी

काही लिहावंसं वाटत नाही.

३० जानेवारी

सासूबाईंनी जोडवी परत घातली. "उघड्या बोटानं नको राहू." कशीबशी बसली. मी पायांकडे बघणं सोडूनच दिलंय.

४ मार्च

उद्या एमआरआय. सकाळी मयुराला ऑटोपर्यंत सोडून आले, तर उजव्या पायातलं जोडवं नाही! आजच हरवायचं होतं! फाटकापर्यंत शोधत गेले, आले, पुन्हा गेले. सासूबाईंना पायरीपाशी सापडलं. आता बोलतील म्हणून मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी ते माझ्या बोटात सरकवलं. ते घरंगळून पडलं. पुन्हा सरकवलं, पुन्हा पडलं.

"सैल झालं वं सुरुची!" म्हणाल्या आणि पायरीवरच बसून रडायला लागल्या.

फाटकापर्यंत पुन्हा पुन्हा जाऊन आले होते मी. धाप लागली नव्हती.