एक इकडे, एक तिकडे

हॅनकॉक, मिशिगन
फेब्रुवारीतला शेवटचा रविवार

तीर्थस्वरूप लेंपीआत्या,

आइलाचा वाकून नमस्कार (गुडघा वाकू देतो तितकाच). ॲरिझोनाच्या उन्हात तुझी कंबर सैल झाली असेल आणि आमची आठवण येत नसेल, असं धरून चालते. आम्ही ठीक आहोत. बाबा पंच्याहत्तर वर्षांचे झाले. छपरावरचा बर्फ अजून स्वतः ढकलतात आणि मी शिडी धरली तर रागावतात. तू त्यांच्या वाढदिवसाला आली नाहीस म्हणून हे पत्र लिहीत नाही. त्या दिवशीचा प्रकार तुला कुणाकडून तरी कळेलच, आणि सांगणारा भिडेपोटी माझी चूक कमी करून सांगेल. ते मला नको. (वार सगळे डायरीतून ताडून लिहिले आहेत.)

सुरुवात नोकरीपासून करावी लागेल. विद्यापीठाच्या यंत्रांच्या खोलीत मी दिवसभर काय करते, असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी म्हणाले होते, "बसवते." ते खरंच आहे. आमच्याकडे ग्लेनिस म्हणून एक बाई आहे, तळ्यावरच्या बर्फाचा अभ्यास करते. तिने आपल्या सुपीरियर तळ्याचे चौसष्ट चौकोन पाडले आहेत आणि अख्ख्या हिवाळ्याचं गणित ती यंत्राकडून करून घेते. एकेक चौकोन यंत्रातली एकेक प्रोसेस सांभाळते, आणि प्रत्येकीला पावलोपावली शेजारणीला विचारावं लागतं की तुझ्याकडे बर्फ किती, वारा कुठून. यंत्रात दोन प्रोसेसर, प्रत्येकात बत्तीस कोअर. कोअर म्हणजे खुर्ची समज. एकाच प्रोसेसरातल्या खुर्च्यांवरून कुजबुजलं तरी भागतं. पलीकडच्या प्रोसेसरात निरोप धाडायचा तर मधला अरुंद बोळ ओलांडावा लागतो. म्हणून ज्यांचं आपसात बोलणं जास्त त्यांना जवळजवळ बसवायचं. एवढ्यासाठी मला पगार देतात.

खुर्च्यांना नंबर असतात, शून्य ते त्रेसष्ट (आम्ही शून्यापासून मोजतो, सवय आहे). सोमवारी मी तळ्याचा पश्चिमेकडचा अर्धा भाग पहिल्या बत्तीस नंबरांवर बसवला, पूर्वेकडचा पुढच्या बत्तीसवर, आणि समाधानाने घरी गेले. बुधवारी ग्लेनिस दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आइला, तू हात लावायच्या आधी माझा हिवाळा एका दिवसात उरकायचा. आता दोन दिवस झाले, अजून जानेवारीच चाललाय." मग मी यंत्राच्या आतला नकाशा काढून पाहिला. तो आधीच काढायला हवा होता, नियमही तोच आहे आणि इतरांना तो शिकवतेही मीच. नंबर सलग नव्हतेच. पत्ते वाटतात तसे वाटलेले होते, शून्य या प्रोसेसरात, एक त्या, दोन पुन्हा या. सम सगळे एकीकडे, विषम दुसरीकडे. माझ्या हातून शेजारणी शेजारणींपासून तुटल्या होत्या आणि साध्या चौकशीसाठी त्या बिचाऱ्या बोळातून हेलपाटे घालत होत्या. मी त्या नकाशाकडे बराच वेळ पाहत बसले. चौकटीत चौकट, तिच्यात आणखी लहान चौकट. पंख्यांची घरघर हळूहळू तळ्यावरच्या वाऱ्यासारखी वाटायला लागली, आणि यंत्राच्या पेटीचं झाकण उघडलं तर आत थोडं पाणी हलताना दिसेल असं क्षणभर वाटलं. (उघडलं नाही. शंका मात्र अजून आहे.) गुरुवारी सगळ्यांना नीट बसवलं. हिवाळा सतरा तासांत संपला. ग्लेनिसने मला खिम्याची पेस्टी आणून दिली, गार.

वाढदिवस शनिवारी होता. चर्चच्या तळघरातला हॉल तुला माहीतच आहे. एक लांब टेबल स्वयंपाकघराकडे, एक खिडकीकडे. बाबांसकट माणसं त्रेसष्ट, तुला धरून चौसष्ट. तू येणार नाहीस हे मला माहीत होतं, तरी कार्ड छापलं. नावांच्या कार्डांवर मागच्या बाजूने नंबर घातले. शून्य बाबा, एक रूडी, दोन तू, तीन पाद्रीबुवा, पुढे जोडप्याजोडप्याने. सख्ख्या बहिणीला लांब बसवलं तर लोक बोलतात, आणि शेजारी बसवावं तर नऊ वर्षांचा अबोला. (सॉना, आपली ती वाफेच्या आंघोळीची खोली, बाबांनी तुला न विचारता पाडली, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं होतं. हळू सांगितलं, हे मात्र खरं.) म्हणून मध्ये रूडी. तुमचा हा चुलतभाऊ आडवा केवढा आहे ते तुला ठाऊक आहे, त्याच्या पलीकडचा माणूस दिसत नाही.

कार्डांचा गठ्ठा मी हॉल सांभाळणाऱ्या व्हाइनोकडे दिला होता. त्याने तो हॉलच्या रिवाजाप्रमाणे मांडला: एक कार्ड या टेबलावर, एक त्या. म्हणजे लोक कमी आले तरी एक टेबल ओकंबोकं दिसत नाही. परिणाम तुझ्या लक्षात आला असेल. झाडून सगळी जोडपी फुटली. आपली माणसं अशी की नाव दिसलं तिथे मुकाट बसली. पण याच्या गोळ्या तिच्या पर्समध्ये आणि तिचा चष्मा याच्या खिशात, तेव्हा दोन टेबलांमधल्या वाटेत जी गर्दी झाली ती कॉफी संपेपर्यंत हटली नाही. रूडी खिडकीकडून ओरडला, "आइला, माझं काय चुकलं?" बाबांनी कार्ड उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "पंच्याहत्तर वर्षं काढली, आणि पोरीने मार्क किती दिले, तर शून्य."

आणि त्यांच्या शेजारी, मध्ये कुणी नाही, तुझी रिकामी खुर्ची.

पाद्रीबुवा कप घेऊन आले. "ऑर्व्हो, बसू का इथे?"

बाबा म्हणाले, "इथे लेंपी बसलीय."

पाद्रीबुवांनी खुर्चीकडे पाहिलं, मान लववली (तुला लववली असं धरायला हरकत नाही) आणि परत गेले. बाबांनी निसू, आपला तो वेलचीचा गोड पाव, कापला आणि त्याची कड तुझ्या बशीत ठेवली. मला म्हणाले, "तिला कडच लागते. लहानपणी मारामारी व्हायची आमची." मग तुझं कार्ड थोडं आपल्याकडे वळवलं. मी हातात कॉफीची किटली घेऊन तशीच उभी राहिले. हॉलमधला गलका पंख्यांसारखा एकसारखा झाला होता, जो तो पलीकडच्याला विचारत होता की तुझ्याकडे बर्फ किती, आणि एवढ्या गर्दीत फक्त त्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी, गप्प. किटली कधी गार झाली ते कळलं नाही.

तर झाली चूक ती अशी. तुझं नाव तुला न विचारता त्यांच्या शेजारी मांडलं गेलं, त्याबद्दल माफ कर. तब्येतीला जप.

तुझी भाची,
आइला

ता.क. ती कड बाबांनी कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली आहे. वर पेन्सिलीने 'लेंपी' लिहिलंय आणि कुणाला हात लावू देत नाहीत. पाव फ्रीजरमध्ये तीन महिने टिकतो, म्हणजे मेच्या अखेरीपर्यंत. ग्लेनिसचं यंत्र सांगतं की तळंही मेच्या पहिल्या आठवड्यात मोकळं होईल. ये असं मी म्हणत नाही, या दोन गोष्टी फक्त कळवून ठेवते.

ता.क. २. पाकीट बंद करण्याआधी वार पुन्हा ताडून पाहिले. शुक्रवारच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: 'व्हाइनोला विचारलं, कार्डं कशी मांडणार. म्हणाला, नेहमीसारखी, एक इकडे, एक तिकडे. मी बरं म्हणाले आणि घरी आले.' तेव्हा वर जिथे 'चूक' लिहिलंय तिथे दुसरा शब्द हवा. मला तो सापडत नाही. मे महिन्यात दोघी मिळून शोधू.