शेडमधल्या शेगड्या

आबा, बेदाणा अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. गूळ उतरतो. तुमचा आख्खा जन्म इस्लामपूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीपुढे गेला. रस उकळला की तळापासून बुडबुडे उसळायचे आणि नुसत्या आवाजावरून तुम्ही काहील कधी उतरवायची ते सांगायचात. गुऱ्हाळ बंद पडलं, मग तासगावकडच्या एका बागायतदारानं तुम्हाला बेदाण्याच्या शेडवर ठेवलं. तिथे ना काहील, ना जाळ. जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं वाऱ्यावरच सुकायची, आणि तुमचा त्यावर काही केल्या विश्वास बसेना.

मी नववीत होते, शहाणपण पाजळायची भारी हौस. उकळायला ठरावीक तापमान लागतं, तेव्हा पाण्याची आतूनच वाफ होते. बाष्पीभवन मात्र कुठल्याही तापमानाला होतं, वरच्या वर, गुपचूप, असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसलात. "जाळाबिगर पानी हलत न्हाई, पोरी."

मार्चात आभाळ आलं. हवा कोंदली, मणी काळे पडायला लागले. माल नासला तर तुमचं काम जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी काहीतरी सुचवायला गेले, तर कामावरच्या बायकांसमोर तुम्ही मला झिडकारलंत. थोड्या वेळानं तुम्हीच जवळ आलात. "आत शेगडी लावली तर लवकर सुकंल का गं?" मी फुगून बसले होते. उष्णतेनं बाष्पीभवन वाढतं, एवढंच म्हणाले. तुम्ही कोळशाच्या दोन शेगड्या पेटवल्यात, ऊब जाऊ नये म्हणून ताडपत्र्या चारी बाजूंनी घट्ट बांधल्यात आणि राखणीला आतच बसलात. तासाभरानं आई चहा घेऊन गेली. तुम्ही खांबाला टेकून होतात. "आवं, उठा की," ती म्हणत राहिली. कोळशाच्या कोंडलेल्या विषारी वायूनं गेले, असं डॉक्टर म्हणाले. द्राक्षं ओलीच होती.

आता मी साताऱ्यात हाच धडा शिकवते. बाष्पीभवन कशाकशानं वाढतं ते लिहिताना उष्णतेच्या आधी फळ्यावर वारा लिहिते. पुस्तकात तो नंतर आहे, असं एखादी मुलगी सांगते, आणि मी पुसत नाही.

आबा, त्या दुपारीही तो मुद्दा मला पाठ होता. वारा खेळता पाहिजे, ओली हवा बाहेर गेली पाहिजे. तुम्ही पुन्हा गोडीनं विचाराल, मग सांगू, म्हणून मी तो राखून ठेवला. तुम्ही कुणालाच काही विचारलं नाही, असं आईला आजही वाटतं. "इचारलं असतं तर पोरीनं सांगितलं असतं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. तिच्या हाती लागू नये म्हणून हे पत्र मी आता फाडते आहे.