आईंचा मुक्काम लांबला, त्याचा बोटीसकट खुलासा

तीर्थरूप बाबांच्या चरणी जावयाचा नमस्कार.

आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे खाज आता जवळपास थांबली आहे. (खाजेचं पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? पट्टा बांधून ठेवा असा आईंचा निरोप आहे, आणि पट्टा वरच्या कप्प्यात नसून खालच्या कप्प्यात आहे असा त्यामागोमाग दुसरा निरोप आहे. तुमचं कार्ड पोचलं. त्यात दोनच प्रश्न होते. वॉशिंग मशीनचं कोणतं बटण आधी दाबायचं, आणि ही कधी परत येणार. पहिल्याचं उत्तर आईंनी दिलंय: डावीकडचं, पण आधी नळ सोडा. दुसऱ्याचं उत्तर ‘तूच लिही’ म्हणाल्या आणि हातमोजे चढवून अंगणात गेल्या. आता ते उत्तर काही कार्डावर मावणारं नाही. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणून ठेवून देता आणि माणूस वाक्याच्या मध्यावर लोंबकळत राहतो. म्हणून हे पत्र.

माझं डोकं ठिकाणावर आणायला तुम्ही आईंना दोन दिवसांसाठी पाठवलंत, हे मला ठाऊक आहे. (तुमच्या लेकीनंच सांगितलं. ती तुमच्या बाजूनं होती, तेव्हा.) पण डोकं जागेवरून हललं कसं, ते आधी सांगायला हवं. माझ्या चष्म्याच्या दुकानात एक निवृत्त दंतवैद्य नंबर तपासायला आले होते. दिवसभर मी लोकांना ‘हे बरं दिसतंय, की हे?’ एवढंच विचारत असतो, त्यामुळे कुणी दुसरं काही बोललं की मी कान टवकारतो. ते म्हणाले, घरामागे मोटरबोट पडून आहे, हौस फिटली, कुणी नेली तर बरं. मी नुसती बघायला गेलो. बोट ताडपत्रीखाली होती आणि चालकाच्या जागेवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. डॉक्टरांनी बोटानं टकटक करून दाखवलं. ‘ऐका. ठणठणीत. फायबर आहे, फायबरला काही होत नाही.’ आयुष्यभर दात वाजवून पाहिलेल्या माणसाच्या बोटावर मी विश्वास ठेवला. त्यांनी फक्त चांगलेच दात वाजवून दाखवले, हे मला नंतर कळलं. अंडी फुटेपर्यंत थांबावं लागलं, आणि त्या काळातही मला सुबुद्धी झाली नाही.

बोट दारात आली तेव्हा तुमची लेक औषधांच्या दुकानातून नुकतीच परतली होती. तिनं बोटीला एक फेरी मारली आणि विचारलं, ‘हिला पोहता येतं का?’ मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, ‘एकाला तरी यायला हवं. तुला येत नाही.’ यावर आमच्यात जे अबोल्याचे दिवस गेले ते मी अगदी सत्कारणी लावले. जुना रंग घासून काढायला घेतला. ग्राइंडर भाड्यानं आणला, बनियन घालून उभा राहिलो, आणि संध्याकाळपर्यंत मी, अंगण, शेजाऱ्यांची गाडी आणि वाळत घातलेले टॉवेल असे सगळे एकाच पांढऱ्या धुळीनं माखलो. ती धूळ म्हणजे काचेचा भुगा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीला चांगला दिसतो. मी शहाणपणा करून बनियन मशीनमध्ये टाकला, घरातल्या बाकी कपड्यांबरोबर. दुसऱ्या दिवशी तुमची लेक औषधांच्या काउंटरवर उभी राहून गिऱ्हाइकांना खाजेचं मलम देत होती आणि स्वतः खाजवत होती. एका बाईंनी मलम परत केलं.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण घासताना बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, मला एक भोक सापडलं. गोल, नीटनेटकं, आरपार. मला धडकीच भरली. भोक असलेली बोट त्या डॉक्टरांनी माझ्या गळ्यात मारली, असं म्हणत मी ते भोक इतकं चोख बुजवलं की बोट फिरवलं तरी कळू नये. त्या आठवड्यात अवेळी पाऊस आला आणि दोन दिवस हटला नाही. बोट अंगणात ट्रेलरवर उघडी होती. ती काठोकाठ भरली. ट्रेलरचं एक चाक बसलं, बोट कलली आणि अख्खी लाट स्वयंपाकघराच्या दारातून आत आली. मी बादली घेऊन गुडघाभर पाण्यात उभा असताना फाटकाशी टॅक्सी थांबली आणि आई उतरल्या. त्यांनी बॅग खाली ठेवली नाही, कारण ठेवायला कोरडी जागा नव्हती. म्हणाल्या, ‘मला वाटलं होतं, बुडवायला तळ्यावर न्यावी लागेल.’

तळ्याकाठी बोटी दुरुस्त करणारा एक माणूस आहे. त्याला सगळे ‘आधीविचारा’ म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक निदान ‘मला आधी विचारायचं’ या वाक्यानं संपतं. तो आला. म्हणाला, ते भोक आतलं पाणी बाहेर जायला असतं, बोट पाण्यात सोडताना त्याला बूच लावायचं आणि वर काढली की काढायचं, मला आधी विचारायचं. मग त्यानं जिथे इंजिन अडकवतात त्या मागच्या फळीवर पेचकस टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. वरून फायबर धडधाकट, आतलं लाकूड भिजलेल्या पावासारखं. इंजिन लावलं असतं तर इंजिन एकटंच तळाला गेलं असतं. फळी कापून काढायची, नवं प्लायवूड बसवायचं, त्यावर रेझिन नावाच्या डिंकात भिजवलेल्या काचेच्या धाग्यांच्या चादरी एकीवर एक चढवायच्या, असा उपाय त्यानं सांगितला. बाबा, तो हे हातवारे करून सांगत असताना आईंचेही हात हलत होते. उभी नोकरी हॉस्पिटलच्या प्लॅस्टरच्या खोलीत गेलेली त्यांची. चादर कशी भिजवायची, कुठून दाबत न्यायची, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

पहिला थर मात्र माझाच होता, मालक म्हणून. रेझिनमध्ये ते घट्ट करणारं औषध मी अंदाजानं घातलं, आणि जरा सढळ हातानं घातलं. डबा आधी कोमट झाला, मग तापला, मग धुरावला, आणि बघता बघता ब्रशसकट दगड झाला. (ब्रश अजूनही त्यात ताठ उभा आहे. पुढच्या दाराला अटकाव म्हणून छान चालतो.) तुमच्या लेकीनं माझ्या हातातून बाटली काढून घेतली, दुकानातून सिरिंज आणली, आणि थेंबाचा हिशोब ठेवून मिसळायला बसली. चादरी आईंनी चढवल्या. रोलर फिरवत, बुडबुडे कडेला ढकलत. ‘हवा राहिली की आतून सडतं’, असं त्या बोटीलाच सांगत होत्या, घाबरलेल्या पेशंटला सांगावं तसं. मला पॉलिश पेपर घासायचं आणि चहा करायचं काम मिळालं. चहाबद्दल तक्रार नाही. दोन दिवस संपले तेव्हा थर ओला होता. तो वाळला तेव्हा दुसरा चढवायचा होता. प्रत्येक वेळी जाण्याचा दिवस आणि वाळण्याचा दिवस एकच येत गेला. एक विचारू? आई काम करताना शीळ घालतात, हे तुम्हाला माहीत होतं का? तुमच्या लेकीला नव्हतं. पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती सिरिंज हातात धरून तशीच उभी राहिली, आणि मिश्रणाचा आणखी एक दगड झाला. त्यावर कुणी काही बोललं नाही. माझ्या दगडावर दोघी आठवडाभर बोलत होत्या, हे आपलं नमूद करतो.

गेल्या रविवारी बोट पाण्यात सोडली. ट्रेलर लावलेली गाडी मागे घेताना चाक डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, हे मला आधीविचाराच्या कुंड्यांनी शिकवलं. मग गाडी तुमच्या लेकीनं घेतली आणि एका दमात उतारावर नेली. बूच आईंनी स्वतः लावलं, स्वतः तपासलं, आणि मला पुन्हा तपासू दिलं नाही. दोघी बोटीत बसल्या. माझ्यावर दोरीची जबाबदारी होती. मी दोरी घट्ट धरून ठेवली होती, एवढं कुणीही कबूल करेल. तिचं दुसरं टोक बोटीला बांधायचं काम कुणाचं, हे मात्र ठरलं नव्हतं. वाऱ्यानं बोट हलकेच निघाली. मी काठावर दोरीची दोन्ही टोकं हातात घेऊन उभा. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं. दोघी तळ्याच्या मधोमध गेल्या आणि बाबा, मला माझ्या सगळ्या मूर्खपणाची एकदम भीती वाटली. मी चपलांसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरलो, पुढे काय करणार होतो ते देव जाणे. तेवढ्यात इंजिन लागलं. बोटीनं एक मोठं वळण घेतलं, माझ्याजवळून गेली, आणि थांबली नाही. दुसरी फेरी घेतली. तिसरीला आई चालवत होत्या. त्यांचे केस सुटले होते आणि त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. आधीविचारा मला म्हणाला, ‘थांबवायचं कसं, ते त्यांना ठाऊक आहे. मी शिकवलंय. त्यांना थांबायचं नाहीये.’ आणि माझ्या हातात टॉवेल दिला.

तर आई कधी येणार, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. वाळायचं आता काहीच उरलेलं नाही. पण त्यांनी बॅग भरायला घेतलेली नाही, आणि ज्या बोटीवर मला बूच लावायचाही अधिकार नाही, तिच्या कॅप्टनला घरी जा असं मी कसं सांगू? अक्षर वाकडं आलंय, ते अंगठ्याला चिकटलेल्या रेझिनमुळे. समजून घ्या.

तुमचा जावई
(पूर्वीचा बोटमालक)

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. बोट वेगात आली की तिचं नाक वर जातं आणि चालवणाऱ्याला समोर फक्त आकाश दिसतं. मागे इंजिन जड आणि पुढे काही नाही. पुढच्या बाकावर भरभक्कम वजन हवं, जे एकदा बसलं की उगाच उठबस करणार नाही. मी बसून पाहिलं. मी हलका पडतो आणि सूचना फार करतो. वाळूची पोती ठेवून पाहिली, ती वळणावर घसरतात. आईंच्या आणि तुमच्या लेकीच्या मते असं वजन आपल्या घरात एकच आहे. तरी रविवारच्या आत निघून यावं.

ता. क. २ आईंनी वरचा मजकूर वाचला. ‘वजन’ खोडून ‘सोबत’ लिही म्हणाल्या. मग म्हणाल्या, राहू दे, त्यांना वाटेल मी बोलावतेय.

ता. क. ३ हे आई तळ्यावर गेल्यावर लिहितोय. वाळूची पोती घसरत नाहीत. काल आईंनीच ती बाकाला आवळून बांधली होती, आणि बोट टेबलासारखी सपाट चालली. काठाला लागल्यावर त्यांनी दोऱ्या सोडल्या, सगळी वाळू ओतून टाकली, आणि मला म्हणाल्या, ‘पत्रात घसरतात असं लिही.’