जागा पाहिजे, चौकशीसकट

प्रिय इसाबेल आत्या हिस,

ऑस्करचा आदरपूर्वक नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, विहिरीचा पंप दुरुस्त झाला का, आणि तांबडी कोंबडी अजून शेजाऱ्यांकडेच अंडी घालते का, ते कळव. मी बरा आहे. (हे वाक्य तू दोनदा वाचशील म्हणून सांगतो, या वेळी ते खरं आहे.) पोस्टाने उशीर होईल, म्हणून पत्राचे फोटो काढून पाठवतोय. चष्मा लावून वाच.

तुम्ही सगळे समजता तसा मी कंपनीच्या ट्रेनिंगला ओमानला गेलो नव्हतो. दारू सोडवायच्या दवाखान्यात होतो, इथेच, दुबईत. माझ्या ट्रेनिंगसाठी तू नऊ दिवस प्रार्थना करून नोव्हेना केलीस, ती फुकट गेली नाही, पत्ता तेवढा चुकला. शुक्रवारी मला सोडतील. कृपा करून तपशील विचारू नकोस. एरवी तू मेथीची जुडी घेताना भाजीवालीच्या सुनेचं बाळंतपण कुठे झालं तेही काढून घेतेस, पण या एका बाबतीत दया कर.

आता अडचण राहायची आहे. आमच्या हॉटेलच्या स्टाफ क्वार्टरमध्ये परत जायचं नाही, असं डॉक्टर एमान बाईंनी बजावलंय. तिथले माझे दोन्ही रूममेट बारमध्ये नोकरीला आहेत आणि सुट्टीच्या दिवशी काम घरी आणतात. बाई म्हणाल्या, दारू सोडलेली माणसं एकत्र राहतात अशी घरं असतात, पण जागा रिकामी असलेलं एकही त्यांना ठाऊक नव्हतं. तेव्हा तसंच एखादं स्वतः शोधा, म्हणाल्या. घरात दारू नको, जेवण एकत्र हवं, आणि 'कुठे होतास' असं विचारणारं कोणीतरी हवं. तिसरी अट ऐकून मी हसलो, कारण तसं विचारणाऱ्यांपासून लांब जायलाच मी विमानात बसलो होतो.

दवाखाना दुपारी बाहेर सोडतो. पहिल्यांदा बर दुबई भागात गेलो. जाहिरात होती, 'फक्त निर्व्यसनी बॅचलर'. म्हटलं, सापडलं. जागेचे मालक धनंजयराव आपलेच, अमरावतीचे. एका खोलीत प्लायवूड घालून त्यांनी चार खोल्या पाडल्या आहेत. दारू नाही, सिगारेट नाही, कांदा-लसूण नाही. "इथे कोणी कोणाला डिस्टर्ब करत नाही, प्रायव्हसी एकदम टॉप," असं ते अभिमानाने म्हणाले. शेजारच्या भाडेकरूचं नाव विचारलं, तर ते त्यांनाच आठवेना. (कांद्याचं मी सोसलं असतं.) मला भीती वाटली ती त्या शांततेची. मी प्यायलो तो अशाच शांततेत, आत्या. दार लावलं की झालं.

मग अबुधाबीला, अल रीम आयलंडवर, आपल्या चर्चच्या शाळेतल्या अल्बर्टकडे. बिचाऱ्याने मनापासून बोलावलं. हॉलमध्ये त्याचा दिवे लावलेला बार आहे. मी येणार म्हणून त्यावर त्याने बेडशीट घातली होती. घरात प्रेत ठेवल्यासारखे सगळे हळू आवाजात बोलत होते. शेवटी त्याची लेक ॲमंडा म्हणाली, "अंकल, इट्स जस्ट बॉटल्स. डोन्ट बी स्केअर्ड." मी स्केअर्डच होतो. जेवणभर माझं लक्ष त्या बेडशीटवर होतं. तिच्यावर पिवळी फुलं आहेत, ती मला अजून दिसतात. चहा न घेताच निघालो.

तिसरं घर अजमानला. यहयाभाई केरळचे, शाळेची बस चालवतात. पाच माणसं जमिनीवर एकच सुफरा, म्हणजे जेवणाची चादर, पसरून जेवतात. मी चप्पल काढायच्या आत चौकशी सुरू झाली. "दारू क्यों पीता था? छोड़ते टाइम रोया? शादी क्यों नहीं किया?" मला वाटलं, तूच मिशी लावून बसलीस. "माँ को मालूम है?" म्हटलं, आई नाही, आत्याने वाढवलं. "तो आत्या को मालूम है?" मी चपलेचा पट्टा सोडवत बसलो. "खलास, पहले खाना खाओ," म्हणाले, आणि माशाचा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला. खूप दिवसांनी मला भूक लागली होती.

पण खोली अजून नक्की झालेली नाही. शुक्रवार जवळ आलाय. दवाखान्याचं दार उघडल्यावर पाय कुठे वळतील, याची मला खात्री नाही. काळजी करू नकोस, असं लिहायची पद्धत आहे. मी ते लिहीत नाही.

तुझा,
ऑस्कर

ता. क. खोली का अडली ते वर लिहायचं राहिलं. (राहिलं नाही, टाळलं.) घरच्यांपासून लपलेला माणूस यहयाभाई ठेवत नाहीत. त्यांना घरच्या कोणाशी तरी बोलायचंय. मी तुझा नंबर दिलाय. गुरुवारी फोन येईल. ओमानचं काही सांगू नकोस, जे खरं आहे ते सांग. तुझं हिंदी त्यांना पुरेल.

आणखी एक. गेल्या नाताळात तू अल्बर्टबरोबर पाठवलेली जांभळाची वाइन त्याच्याकडेच त्या बेडशीटखाली आहे. या नाताळात पाठवू नकोस. नुसता सुका जवळा पाठव.

आणि तपशील विचारू नकोस असं वर लिहिलंय, ते खोडलं असं समज. रोज विचार. कुठे होतास, काय खाल्लंस, आवाज असा का येतोय. मी चिडून फोन ठेवला, तर पुन्हा लाव.