कोटाचे दोन्ही खांदे

प्रिय दादा,

हे पत्र वहिनीसमोर मोठ्याने वाचू नकोस. गेले तीन आठवडे मी तुझ्यावर संशय घेते आहे, आणि तोही असातसा नाही, चांगले पुरावे गोळा करून. लहानपणापासून तू मला फौजदार म्हणतोस ते काही उगीच नाही.

झालं असं, की येत्या शुक्रवारी माझ्या धाकटीच्या शाळेत, ज्यांच्या घरातलं कुणी युद्धावर गेलं होतं त्या मुलांनी त्यांची आठवण सांगायची आहे. थोरला तुझ्या-माझ्या आजोबांचा फोटो धरून उभा राहणार आणि धाकटी त्यांचा लष्करी कोट घालून, तू दर सुट्टीत रंगवून सांगतोस ती पुलाची गोष्ट सांगणार. आजोबा एकटे, हातात बंदूक आणि समोरून येणारे एकवीस जण. पोरीने ती इतकी घोटली आहे की दात घासतानाही तोंड चालू असतं. कोट तिच्या मापाचा करायला मी दुकानात नेला. कापायचा नव्हता, नुसत्या बाह्या आत दुमडून कच्चे टाके घालायचे होते.

पण वीस वर्षं मी लोकांचे कपडे दुरुस्त करते आहे. कपडा टेबलावर पसरला की घालणारा काय काम करतो ते बरंचसं कळतं. खांद्याला बंदूक अडकवून चालणाऱ्याचा एकच खांदा झिजायला हवा. आजोबांच्या कोटाचे दोन्ही खांदे सारखेच झिजलेले, चार बोटं रुंद, लोकर पार उडालेली, आणि तो पट्टा पुढे छातीपर्यंत उतरलेला. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आधी वाटलं, हा कोट आजोबांचा नाहीच. तू कुठल्यातरी जुन्या बाजारातून आणून आमच्या गळ्यात मारला आहेस. रागावू नकोस, तुझी ती ‘अस्सल लष्करी’ दुर्बीण मी अजून विसरलेले नाही.

कॉलरच्या आत एक नंबर होता. तो घेऊन मी सैनिकांच्या जुन्या नोंदी ठेवतात त्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने दोन हेलपाटे घालायला लावले आणि तिसऱ्यांदा एक जाडजूड रजिस्टर काढून ओळीवर बोट ठेवलं. नंबर आजोबांचाच होता. पुढे लिहिलं होतं, स्ट्रेचरवाला. गळ्यातून दोन्ही खांद्यांवर पट्टा घ्यायचा, त्यात स्ट्रेचरचे दांडे अडकवायचे आणि जखमींना मागे आणायचं, असं त्या कारकुनाने मला समजावून सांगितलं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत हेच काम. आजोबांच्या नावावर बंदूक कधी चढलेलीच नव्हती.

परत येताना बसमध्ये मला पलंग आठवला. आपण भाड्याची घरं बदलायचो तेव्हा पलंग उचलायची वेळ आली की आजोबा घरातून नाहीसे व्हायचे. पोती एकटे उचलायचे, ट्रंका उचलायचे, पण दोन माणसांनी दोन टोकं धरायची वस्तू असली की त्यांचा पत्ता नसायचा. आई त्यांच्या माघारी त्यांना कामचुकार म्हणायची आणि मी फिदीफिदी हसायचे. खिडकीकडे तोंड करून मी रडले रे. शेजारच्या बाईंनी विचारलं, तर डोळ्यात कचरा गेला म्हणून सांगितलं.

आणि मग सगळा राग तुझ्यावर निघाला. म्हटलं, याला आपल्या आजोबांची लाज वाटली, म्हणून याने त्यांच्या हातात बंदूक दिली. माझ्या मुलांना इतकी वर्षं थापा मारल्या. तुझ्या बोलण्यातल्या किती गोष्टी खऱ्या, किती पुड्या, याची मी मनातल्या मनात यादीच करत बसले. मुलांना मात्र खरं सांगावं लागलं. धाकटीने विचारलं, मग पणजोबांनी किती जणांना उचललं? ते वाचले का? आता ती शुक्रवारी काय बोलणार, ते तिलाही कळत नाही आणि मलाही.

तुझं पितळ उघडं पाडायला साक्षीदार हवा म्हणून मी परवा आत्याकडे गेले. ती मटार सोलत बसली होती. माझं सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं, कोटाचं, रजिस्टरचं, तुझ्या थापांचं. मग टोपली बाजूला ठेवून म्हणाली, “पुलाची गोष्ट त्याने नाही रचली. तू रचलीस.”

मी सात वर्षांची होते म्हणे. बाईंनी आजोबांना वर्गात बोलवलं होतं आणि आत्या त्यांना घेऊन आली होती. ते उठून बोलणार, इतक्यात मीच बाकावर उभी राहिले आणि माझ्या आजोबांनी पुलावर एकवीस माणसं मारली, असं ठणकावून सांगितलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. आजोबांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला, बाईंचं ऐकत जा, एवढंच मुलांना सांगितलं आणि बसले. घरी आल्यावर तू माझ्यावर धावून आलास, तेव्हा त्यांनी तुला अडवलं आणि तिला खोटं पाडायचं नाही म्हणून बजावलं. त्यानंतर ते युद्धाबद्दल कुणाशी बोलले नाहीत. दादा, मला यातलं काहीही आठवत नाही. तू मात्र माझी थाप चाळीस वर्षं सांभाळलीस, माझ्या मुलांपुढेसुद्धा, आणि मी तुझ्याचविरुद्ध पुरावे गोळा करत हिंडत होते. मला माफ कर.

आत्या म्हणाली, आजोबांचा हात थरथरायचा म्हणून तो कागद त्यांनी तुझ्याकडून लिहून घेतला होता, दोन पानं, दोन संध्याकाळी बसून. तो पुढे कुठे गेला ते तिला माहीत नाही. त्यात काय होतं ते आता फक्त तुला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. शुक्रवारच्या आत ये. सुट्टी मिळत नसेल तर आठवेल तेवढं लिहून पाठव, चार ओळी असल्या तरी चालतील, धाकटी वाचेल. तिच्याआधी मी उभी राहून त्या सगळ्या पोरांना सांगणार आहे, की पुलाची गोष्ट माझी होती. मग मी खाली बसेन आणि आजोबांचं ऐकेन.

तुझीच,
फौजदार