मुलगा सोडून

मंगळवार, ४ मार्च
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. पंपाची मोटार चालू केली आहे; टाकी भरेपर्यंत हे पत्र लिहितो.

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

घर मिळण्यासारखे आहे. इथे रिकाम्या घरावर पाटी लावत नाहीत. वस्ती एवढीशी की न्हाव्याला विचारले म्हणजे कळते. दाढी वाढलेली नसताना मी दोनदा दाढी करून आलो, तेव्हा टाकीमागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांचा पत्ता लागला. मालकीणबाई निवृत्त नर्स आहेत, शेजारीच राहतात. भिंतींना ओल नाही, खिडक्यांच्या कड्या नीट लागतात, नळाला पाणी जोरात येते. (ते मीच सोडतो म्हणा.)

अडचण एकच. नर्सबाई एकट्या मुलाला घर देत नाहीत. आधीच्या दोघांनी भिंतीवर चेंडू आपटून त्यांचे डोके उठवले होते. घरात मोठे माणूस कोण, असे त्यांनी विचारले आणि माझ्या तोंडून निघून गेले की आई येणार आहे. त्या लगेच म्हणाल्या की मग महिनाअखेरपर्यंत घर दुसऱ्या कुणाला दाखवत नाही. आता आई आली नाही तर घर गेले आणि वर मी खोटा ठरलो. घास गोड लागत नाही. तू आईला समजाव.

धाकट्यावर आहे तेवढी माया राहू दे.
तुझा भाऊ


१० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शहाण्या, आईला न विचारता आईचा शब्द देऊन आलास? चमचे मोजून ठेवणारा तू, आणि नेमके माणूस मोजायला विसरलास!

तुझे पत्र मी मोठ्याने वाचले. आई माझ्या परकराची किनार उसवत होती, ती उसवतच राहिली. मग म्हणाली की बाबांच्या मागे खोली सोडल्यापासून सहा महिने दादाकडे सुनेच्या घरात, सहा महिने जावयाच्या घरात काढते आहे. सगळे चांगले वागतात, पण आता तिसऱ्या घरात पाहुणी व्हायची हौस नाही. तुझ्याकडे तिची पेटी कुठल्या कॉटखाली सरकवणार, तेवढे विचारून घे म्हणाली. तिचे शिलाई मशीन चार वर्षे आमच्या गॅलरीत ताडपत्रीखाली आहे.

तिला दोष देऊ नकोस. नर्सबाईंना खरे सांगून टाक.

तब्येत सांभाळ, ताईला विसरू नकोस.
तुझी ताई


१६ मार्च

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

नर्सबाईंना खरे सांगितले. आधी रागावल्या. मग मी विचारले की करारनामा आईच्या नावावर केला तर? त्यांनी विचारले की आई काय करते. मी म्हणालो, एका मशीनवर तीन मुले वाढवली. मग तू घरात कोण, असे त्यांनी विचारले. मी पोटभाडेकरू म्हणालो. त्यांनी छापील कागद पुढे केला. त्यात सहावे कलम, भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवू नये. माझा चेहरा पडलेला पाहून त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि पेनने पुढे लिहिले, ‘मुलगा सोडून’.

कच्चा मसुदा सोबत पाठवतो. तू वाचून दाखवू नकोस. चष्मा दे आणि तिला एकटीला वाचू दे. नाही म्हणाली तर मी पुन्हा विचारणार नाही.

आपला लोभ कमी न व्हावा.
तुझा भाऊ


२२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आईने मसुदा दोनदा वाचला. भाडेकरूच्या जागी आपले पूर्ण नाव दिसले तिथे बोट ठेवून बराच वेळ बसली. मग नवव्या कलमावर, घरात धंदा करू नये यावर, सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिले की शिवणकाम होईल. त्यानंतर गॅलरीत गेली. मशीनला तेल घालून झाले आहे. आमच्या शेजारणीला सांगत होती की मी घर घेतले आहे, मुलगाही सोबत राहील म्हणतो.

मशीनसाठी टेम्पो तिने स्वतः ठरवला, ती एसटीने येते. शुक्रवारी स्टँडवर ये. आणि तिला हात धरून उतरवू नकोस, चिडेल.

तुम्हा दोघांची,
ताई


३० मार्च

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आईने आधी घर पाहिले, मग नर्सबाईंना सांगितले की स्वयंपाकाच्या जागी दुपारपर्यंत उजेड नाही, तीनशे कमी करा. नर्सबाईंनी तीनशे कमी केले, नववे कलमही खोडले आणि पडदे शिवायला दिले. आईने सावकाश, ठसठशीत सही केली. मी साक्षीदार. न्हाव्यापासून सगळी गल्ली आता मला शिंपीणबाईंचा मुलगा म्हणते. पंपवाला म्हणत होती त्यापेक्षा हे बरे वाटते.

मशीन खिडकीत आहे. आईची कॉट आतल्या खोलीत, मी बाहेर. माझी पेटी मात्र तिच्या कॉटखाली सरकवली आहे, तिची परवानगी घेऊन.

तू सवडीने ये, पण आधी भाडेकरणीला कळव.
तुझा भाऊ

ता. क. हिशेब:
अनामत, मी भरली: ९,६००. आईने उधार म्हणून लिहून घ्यायला लावली.
टेम्पो, आईने दिला: ९००.
मशीनचा पट्टा: १२०.
पहिले भाडे, आईने दिले: ३,२००.
माझ्याकडून आईला देणे, निम्मे भाडे: १,६००. पाच तारखेच्या आत, असे बजावले आहे.